नऊ अक्षरं आणि एक सुस्कारा

"कव्हरला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "आत लिहिलंय ते वाचा, वाजवा, काय हवं ते करा. पण वहीचं कव्हर काढायचं नाही. कळलं?"

"कळलं," काटेकोरराव म्हणाले, आणि त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहूनही घेतलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. जावयाच्या या सवयीची त्यांना अकरा वर्षांत सवय झाली नव्हती.

काटेकोरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, खोटे असले तर जप्त करायचे, हे त्यांचं काम. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या घरगुती काट्यावर त्यांनी नुसतं बोट टेकवलं आणि पानावर बसायच्या आधी जाहीर केलं, "चाळीस ग्रॅम जास्त दाखवतोय." सासरचं माणूस जे नाव ठेवतं ते जन्माला पुरतं. सासूबाई मात्र त्यांना नावानंही हाक मारत नसत आणि टोपणनावानंही नाही. त्या त्यांच्याशी मोजकंच बोलत. फक्त काटेकोररावांनी नवा शर्ट घेतला की त्या तो ठेवून घेत, दुकानातून आलेली बटणं उसवत आणि स्वतःच्या हातानं परत लावून देत. आपल्याला शर्टसुद्धा धड निवडता येत नाही, असं त्यांना यातून सुचवायचं असावं, असा काटेकोररावांचा समज होता.

आता प्रसंग असा होता की सासूबाईंची इमारत पाडायची होती. महिन्याचा शेवटचा रविवार ही घर रिकामं करायची तारीख. त्यानंतर सासूबाई लेकीकडे राहायला येणार होत्या. सामान बांधत आणलं होतं, जास्तीची भांडी गेली होती, पडदे उतरले होते. पण किल्ली मुठीत घट्ट धरून सासूबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"त्यांची ती चाल मला या खोलीत एकदा ऐकवा," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग किल्ली देते. नाहीतर मी हलायची नाही, पाडायला आले तरी."

चाल सासऱ्यांची होती. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. मागे राहिली होती त्यांची पेटी. ही बसून वाजवायची पेटी नव्हे, ही कॉन्सर्टिना: सहा कोनांच्या दोन लाकडी फळ्या, मध्ये घड्याघड्यांचा भाता, दोन्ही हातांत धरून मिटायची आणि उघडायची. एका फळीवर दहा बटणं, दुसरीवर दहा. प्रत्येक बटणाशेजारी कागदाचा चिटुकला तुकडा डकवलेला, त्यावर एकेक अक्षर. डावीकडे 'क'पासून 'ठ'पर्यंत, उजवीकडे 'ड'पासून 'ब'पर्यंत. ङ, ञ, ण या गरीब मंडळींना नेहमीप्रमाणे जागा मिळाली नव्हती.

सासरे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथे जाहिराती छापून घ्यायला एका सर्कशीचा बॅन्डमास्तर यायचा. म्हातारपणी त्याची बोटं वळेनाशी झाली तेव्हा तो ही पेटी सासऱ्यांना देऊन गेला, आणि सोबत एक वही, तिच्या चार पानांवर अक्षरांत लिहिलेली एक चाल. सासऱ्यांना सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण अक्षरांशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती होती. त्या दोस्तीच्या जोरावर ते वाजवायला शिकले.

"तू तर ऐकली असशील," काटेकोरराव बायकोला म्हणाले.

"कुठली ऐकतेय! सुट्टीच्या दुपारी बाबा आम्हा भावंडांना बाहेर पिटाळायचे आणि आतून कडी लावायचे. आत ते पेटी घेऊन आणि आई तिच्या कारखान्याच्या शर्टांना बटणं लावत. त्यांना लाज वाटायची हो. आईखेरीज कुणासमोर वाजवलं नाही कधी." ती पेटीकडे बघत म्हणाली, "कुणीतरी वाजवणारा शोधायला हवा."

"कशाला? वहीत अक्षरं आहेत, बटणांवर अक्षरं आहेत. जे लिहिलंय ते दाबायचं. यात वाजवणारा कशाला लागतो?"

"अहो, वाढदिवसाला टाळ्या वाजवताना तुम्ही एकटे मागे राहता!"

पण काटेकोररावांनी एकदा डायरीत नोंद केली की ती दगडावरची रेघ. शिवाय त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी डायरीत लिहिली नव्हती. सासूबाईंनी अकरा वर्षांत त्यांच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

काटेकोररावांच्या खात्यात एक नियम होता: अस्सल कपाटात, नक्कल कामात. मूळ कागद कधी हाताळायचा नाही, त्याची प्रत काढायची आणि प्रतीवर काम करायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही ऑफिसात नेली. प्रत काढायच्या आधी पानं नीट तपासली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काही अक्षरं लाल शाईत होती, काही हिरव्या. एकाच कागदपत्रात दोन शाया! बॅन्डमास्तरचं लाल पेन संपलं असेल, मग हिरवं घेतलं असेल, मग लाल पुन्हा सापडलं असेल. कलाकार माणसं गबाळी असतात, हे ते ऐकून होते. त्यांनी डायरीत नोंद केली, 'शाई एकसारखी नाही. दुर्लक्ष करावे.'

ऑफिसच्या यंत्रातून प्रत निघाली ती मात्र देखणी. सगळी अक्षरं कशी एकजात काळी, शिस्तीत उभी. काटेकोररावांनी चारही पानांवर 'खरी प्रत' असा शिक्का मारला, मूळ वही पाकिटात घातली, पाकिटाला लाखेचं सील केलं आणि भांडारपालाच्या लोखंडी कपाटात जमा करून पोच घेतली.

संध्याकाळी घरी त्यांनी पेटी हातात धरली. ती वाजवायची कशी, याचाही त्यांनी आधी विचार केला. सायकलचा पंप ओढताना हवा घेतो आणि दाबताना देतो. घेणं ही तयारी, देणं हे काम. पेटीला उजव्या अंगठ्याखाली एक बिनअक्षराची कळ होती. ती दाबून उघडलं की पेटी गुपचूप हवा भरून घेई. म्हणजे हवा भरायची, मग मिटत मिटत अक्षरं वाजवायची, भाता मिटला की बोटं उचलायची आणि पुन्हा हवा भरायची. बोट उचलल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला.

पहिलं अक्षर होतं 'त'. काटेकोररावांनी 'त' शोधला, बोट ठेवलं आणि दाबलं.

खोलीत सूर उभा राहिला.

काटेकोरराव दचकले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी कागदावरचं पुष्कळ वाचलं होतं, अर्ज, तक्रारी, परिपत्रकं. पण वाचल्याबरोबर कागदावरचं अक्षर हवेत येऊन उभं राहिलंय, असं कधी झालं नव्हतं. 'तक्रार' वाचली तर समोर तक्रार उभी राहत नाही. इथे मेलेल्या माणसाच्या वहीतला 'त' त्यांच्या दिवाणखान्यात जिवंत झाला होता. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि तो बिनशिक्क्याचा होता.

"अगं, ऐकलंस?" ते ओरडले.

"ऐकलं," बायको आतून म्हणाली. "आता पुढचं अक्षर!"

त, द, द, न, थ, प, द, त, थ. नऊ अक्षरं झाली की भाता मिटे. मग अंगठा दाबून पेटी उघडायची: हुऽऽश्श. मग पुढची नऊ. सूर एकमेकांना धरून होते, गोड होते. पण चाल कुठेशी जाते आहे असं वाटेना. दारापर्यंत जाऊन चप्पल घालायची आणि पुन्हा घरात येऊन बसायचं, तसा सगळा प्रकार.

"छान आहे," तिसऱ्या दिवशी बायको सांभाळून म्हणाली. "पण दर वेळी तो सुस्कारा कशाला?"

"भाता मिटतो तिथे. हवा भरावी लागते."

"आणि लिहिलंय तसंच वाजवताय ना?"

"शिक्का आहे त्यावर!" काटेकोरराव म्हणाले.

चौथ्या दिवशी दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. काटेकोररावांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण पोस्टमास्तरांनी हात वर केला.

"मला दमा आहे. डॉक्टर म्हणतात, सावकाश श्वास घ्या, आकडे मोजून. आयुष्यभर पत्रं मोजली हो, आता मोजायचा कंटाळा येतो. तुमचं वाजतं तेवढ्यात मी सोडतो आणि हुश्श झालं की घेतो. चार दिवसांत फवारा लागला नाही! फक्त एक विनंती आहे, सातची वेळ चुकवू नका."

आता माघार घ्यायची सोयच उरली नाही. काटेकोरराव सात वाजता घरी वाजवत आणि दुपारी पेटी ऑफिसात नेऊन तपासणीच्या खोलीत सराव करत. एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि पेटी खात्याच्या सर्वांत बारीक काट्यावर ठेवली. मिटलेली असताना एक किलो एकशे बारा ग्रॅम. मग हवा भरून ठेवली. एक किलो एकशे बारा ग्रॅम. मग काट्यावर ठेवूनच एक बटण वाजवून पाहिलं. बोटाच्या दाबानं काटा हलला, पण बोट काढताच जिथल्या तिथे आला. खोलीभर पसरणारी ती गोष्ट कुठल्याच बाजूच्या पारड्यात नव्हती. बावीस वर्षं माणूस वजनं करत होता, आणि आज त्याच्या हातात असं काही आलं होतं की ज्यासाठी खात्याकडे वजन नव्हतं. जेवणाची सुट्टी संपल्याचंही त्यांना कळलं नाही.

रविवार पाच दिवसांवर आला आणि 'थ' अडकला. दाबला की वरच येईना. काटेकोरराव पेटी घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं फळी उघडली, फुंकर मारली, बटण मोकळं केलं, आणि तपासायला म्हणून 'थ'वर बोट ठेवून पेटी मिटली, मग बोट न उचलताच उघडली.

उघडतानाही सूर आला. आणि तो निराळाच होता.

"हे काय केलंत?" काटेकोरराव किंचाळले.

"काय म्हणजे? वाजवली."

"उघडताना?"

"साहेब, ही अशीच असते. एका बटणाचे दोन सूर. मिटताना एक, उघडताना दुसरा. वीस बटणं, चाळीस सूर." म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही आजवर काय नुसती मिटतच होता?"

काटेकोरराव स्टुलावर बसले. अर्धी पेटी! दोन आठवडे ते अर्धीच पेटी वाजवत होते, आणि तरीही त्यांना भरून आलं होतं. मग पूर्ण पेटीत काय असेल?

"पण कागदावर नुसती अक्षरं आहेत," ते म्हणाले. "कुठलं मिटून आणि कुठलं उघडून, हे कसं कळणार?"

"लिहिणाऱ्यानं खूण केली असणार. कुणी रेघ मारतात, कुणी टिंब देतात, कुणी रंग—"

"रंग," काटेकोरराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम पडला.

तिथून ते तडक ऑफिसात गेले. वही लोखंडी कपाटात होती. त्या कपाटाला दोन किल्ल्या लागत, एक काटेकोररावांकडची आणि एक भांडारपालाकडची. भांडारपाल रजेवर गेला होता, किल्लीसकट, आणि शनिवारी दुपारी यायचा होता. एकट्या माणसाला कपाट उघडता येऊ नये म्हणून ही दोन किल्ल्यांची पद्धत खात्यात कुणी सुरू केली होती? काटेकोररावांनी. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. ते समोरच्याच भिंतीवर टांगलेलं होतं.

चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. शनिवारी भांडारपाल आला, कपाट उघडलं, लाख फुटली, वही बाहेर आली. घरी येऊन त्यांनी पानं उघडली आणि ज्या शायांकडे 'दुर्लक्ष करावे' असं लिहिलं होतं त्या दोन्ही त्यांच्याकडे टवकारून बघायला लागल्या. आता लाल म्हणजे मिटायचं की उघडायचं? त्यांनी आधी लाल अक्षरं उघडत वाजवून पाहिली. दुसऱ्या ओळीलाच भाता ताणून हात खांद्यांच्या बाहेर गेले. म्हणजे उलट असेल? पण अंदाजावर शिक्का मारायची त्यांना सवय नव्हती.

"कुठेतरी लिहिलं असेलच की," बायको म्हणाली.

वहीत कुठेच नव्हतं. पण खाकी कव्हराची कड जिथे थोडी उचलली होती तिथे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अक्षराची एक वेलांटी डोकावत होती. काटेकोररावांनी डायरी उघडली. 'कव्हरला हात लावायचा नाही.' आयुष्यात त्यांनी लिहून घेतलेली सूचना मोडली नव्हती. त्यांनी डायरी मिटली, उघडली, परत मिटली.

"आईंनाच हवी आहे ना चाल?" ते म्हणाले. "मग ती बरोबर वाजायला नको?"

"काढा. मी नाही सांगणार," बायको म्हणाली.

कव्हर निघालं. आत बॅन्डमास्तरच्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'लाल अक्षर पेटी मिटताना. हिरवं अक्षर पेटी उघडताना.'

त्या संध्याकाळी सात वाजता काटेकोररावांनी ती चाल पहिल्यांदा खरी वाजवली. मिट, उघड, मिट, मिट, उघड. आता सुस्कारा नव्हता, कारण पेटी वाजता वाजताच श्वास घेत होती. चप्पल घालून दारात घुटमळणारी चाल उंबरा ओलांडून निघाली, वळली, चढली, आणि शेवटी अशा ठिकाणी येऊन थांबली की बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कागदावरच्या दोन शाया, आणि त्यांच्यामध्ये एवढं सगळं मावलेलं! तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. पोस्टमास्तर भिंतीला टेकून धापा टाकत होते.

"हुश्श कुठे गेलं?" ते कसेबसे म्हणाले. "मी सोडतोय, सोडतोय... घ्यायचं कुठे?"

रविवारी सकाळी त्या रिकाम्या खोलीत तिघंच होती. सासूबाई खुर्चीत, किल्ली मुठीत. बायको खिडकीशी. काटेकोरराव उभे राहून वाजवत होते. एकही अक्षर चुकलं नाही. रिकाम्या खोलीत सूर असे घुमले की आपण वाजवतोय यावर त्यांचाच विश्वास बसेना. शेवटचा सूर विरला आणि त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "कुठली चाल ही?"

काटेकोररावांनी पेटीकडे पाहिलं, मग वहीकडे.

"आई, हीच! बाबांची!" बायको म्हणाली.

"ही? छे. ही फारच चांगली आहे गं. त्यांची नव्हे ही." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं होतं, आज ऐकायला मिळेल."

"पण वहीत हेच आहे! मी स्वतः पडताळलंय. उलट आधी मीच मूर्खासारखं वाजवत होतो." काटेकोरराव रडवेले झाले होते. चूक झाली की ती कशी झाली ते साद्यंत सांगायचं, ही त्यांची खात्यातली सवय. "रंग लक्षातच आले नव्हते मला. सगळी अक्षरं नुसती दाबत होतो. हे असं..."

त, द, द, न, थ, प, द, त, थ. हुऽऽश्श.

सासूबाई ताठ बसल्या.

"थांबू नका," त्या म्हणाल्या.

"पण आई, हे चुकीचं—"

"थांबू नका म्हटलं ना!"

काटेकोरराव वाजवत राहिले. नऊ अक्षरं आणि सुस्कारा, नऊ अक्षरं आणि सुस्कारा. सासूबाईंनी डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांचा मोकळा हात मांडीवर आपोआप हलत होता, वर-खाली, वर-खाली. सुस्कारा आला की तो हात थांबे, हवेतच एक गाठ मारी आणि पुढच्या अक्षराला पुन्हा सुरू होई. चारही पानं संपली. काटेकोरराव त्या हाताकडे बघतच राहिले.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. "अगदी हीच."

"पण बाबा असं का वाजवायचे?" बायकोनं विचारलं. "सगळी अक्षरं नुसती दाबून? रंग तर समोर दिसत होते."

"त्यांना नव्हते दिसत. लाल आणि हिरवं त्यांना सारखंच दिसायचं."

"बाबांना? छापखान्यात?"

"म्हणून तर रंगीत काम घेत नसत."

"ते तत्त्व होतं त्यांचं! 'जे काळ्या शाईत सांगता येत नाही ते सांगण्यासारखं नसतं.' आई, मी शाळेत निबंध लिहिला होता त्यावर! बक्षीस मिळालं होतं मला!"

"मग? चांगलाच होता निबंध." सासूबाईंनी डोळे पुसले. "पेटी घरी आणली त्या दिवशी केवढे खूश होते. वही उघडली, त्या पुठ्ठ्यावरचं वाचलं, आणि तोंड एवढंसं झालं. पेटी माळ्यावर गेली. आठ दिवस नाव नाही. मी वही बघितली, मला कळलं. मग मी त्या वहीला खाकी कव्हर घातलं आणि म्हटलं, अहो, ही पेटी म्हणे नुसती दाबूनच वाजवतात."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"माझ्याकडे बघत राहिले थोडा वेळ. मग माळ्यावरून पेटी काढली. त्यानंतर आम्ही कधी त्यावर बोललो नाही. कव्हर फाटलं की मी नवीन घालायची. तीन वेळा घातलं." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना, काढू नका म्हणून?"

काटेकोररावांनी मान खाली घातली. सूचना पाळली असती तर चाल बरोबर आली असती. मोडली म्हणून ती चुकली, आणि तीही अचूक वाजून. असा हिशेब त्यांना कुठल्याच काट्यावर बसवता येईना.

"तो हात कशाचा हलत होता, आई?" त्यांनी हळूच विचारलं.

"बटणं लावायची ना मी तेव्हा. ते वाजवायचे आणि मी टाके घालायची. एका अक्षराला एक टाका. नऊ टाके झाले की ते हुश्श करायचे, मी गाठ मारायची. कारखान्यात सात टाके सांगितले होते. पण सातवर माझा हात थांबायचाच नाही."

काटेकोररावांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग वरच्या खिशातून तपासणीचं भिंग काढलं, खिडकीशी गेले आणि बाहीच्या बटणावर धरलं. ओठ हलवत त्यांनी दोरे मोजले. मग दुसऱ्या बाहीवरचे. मग हनुवटी छातीला टेकवून वरून तिसऱ्या बटणाचे. हा शर्ट सहा महिन्यांपूर्वी घेतला होता. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती.

नऊ. नऊ. नऊ.

अकरा वर्षं ते ही चाल अंगावर घालून दुकानोदुकानी फिरत होते, आणि आपल्याला शर्ट निवडता येत नाही असं समजत होते. भिंग खिशात ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"झालं मोजून?" सासूबाई म्हणाल्या.

"बरोबर आहेत," काटेकोरराव कसेबसे म्हणाले.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी मूठ उघडली आणि किल्ली जावयाच्या हातावर ठेवली. तळहातावर किल्लीचे दाते उमटले होते.

"चला आता. ती मघाची पहिली चालही वाईट नाही हो. ती तुमची म्हणून ठेवा, पाहुणे आले की वाजवा. ही मात्र सात वाजता, मी बटणं लावायला बसले की. आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा वहीला कव्हर घाला." दाराशी जाऊन त्या वळल्या. "खाकी. जाड घ्या. लिहून घेताय ना?"

काटेकोररावांनी नाही म्हणून मान हलवली आणि पेटी उचलली.